एका ग्रुपवर स्पॅमचा पूर अन् शेजारच्या ग्रुपवर एक पण नाही, असं का?

तापीकाठचा (रावेर)

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात आहे ते आज विचारतोच. मी केळीच्या दोन व्हॉट्सॲप ग्रुपात आहे. दोन्हीत सकाळी बऱ्हाणपूरचा भाव पडतो, दोन्हीत कांदेबाग-मृगबागेच्या (केळी लागवडीचे दोन हंगाम) गोष्टी चालतात, करपा दिसला की पानाचे फोटो येतात, कटाईला गाडी कोणाची ते पण तिथंच ठरतं, अन् माणसं पण निम्मी तीच. पण एका ग्रुपवर रोज काही ना काही घाण. घरबसल्या कमवा, पाच मिनिटात लोन, शेअरच्या टिपा, मधूनच अश्लील लिंक, अन् आता तर पीएम किसानच्या नावाने फाईली येऊ राहिल्या. दुसऱ्या ग्रुपवर असलं काही आल्याचं मला आठवत पण नाही.

माणसं तीच, विषय तोच, ॲप तेच, मग हा फरक कशामुळे? नशीब म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही. आमचे काका त्या ग्रुपवर आहेत, समोर फाईल आली की उघडून पाहायची ही त्यांची सवय, काळजी वाटते. ज्यांनी कोणी ग्रुप चालवले असतील त्यांनी अनुभव सांगा.

भुसावळ_जंक्शन

दादा आधी एक सांगा, घाणवाल्या ग्रुपची जॉईन लिंक कुठं कुठं पडलेली आहे? अन् दुसऱ्याची?

तापीकाठचा (रावेर)

पहिल्याची लिंक यूट्यूबवर केळीच्या एका व्हिडिओखाली आहे, फेसबुकवर दोन-तीन शेतकरी पेजवर आहे, कृषी सेवा केंद्रवाले पण स्टेटसला ठेवतात. दुसऱ्याला लिंकच नाही. ॲडमिन भाऊ स्वतः नंबर घेतात, कोणाचा कोण ते विचारतात, मग ॲड करतात.

भुसावळ_जंक्शन

मग अर्धं उत्तर इथंच सापडलं. स्पॅम टाकणारा माणूस रावेर-सावदा ओळखत नाही हो, त्याला केळीशी काही घेणं नाही. त्याच्याकडे लिंकांची यादी असते. इंटरनेटवर उघड्यावर पडलेल्या ग्रुपच्या लिंका गोळा करणाऱ्या वेबसाईट आहेत, ॲपं आहेत, 'शेती', 'नोकरी', 'बिझनेस' असे कप्पे करून ठेवलेल्या लिंका. तिथून उचलायच्या, एका मागून एक जॉईन करायचं, मेसेज चिकटवायचा, काम झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये तर ही गोष्ट बातम्यांमध्ये आली होती की व्हॉट्सॲप ग्रुपच्या लिंका सरळ गुगल सर्चमध्ये सापडतात, ज्या लोकांनी कुठंतरी पेजवर टाकल्या होत्या त्या. नंतर कंपनीने ते गुगलमधून दिसणं बंद केलं, पण या यादीवाल्या वेबसाईट काही बंद झाल्या नाहीत.

अजून एक गोष्ट बऱ्याच ॲडमिनला माहिती नसते. लिंक एकदा बाहेर गेली की ती आपोआप जुनी होत नाही. तीन वर्षांपूर्वी व्हिडिओखाली टाकलेली लिंक आज पण चालते. ती मारायची असेल तर ग्रुपच्या माहितीत जाऊन लिंक रीसेट करावी लागते, मग जुनी लिंक जिथं कुठं पडलेली असेल तिथं ती मेली. अन् रीसेटच्या सोबतच नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल असं सेटिंग चालू करायचं. नाहीतर नवी लिंक पण महिन्याभरात त्याच यादीत जाऊन बसते.

शहादेकर

भुसावळ दादांचं बरोबर आहे पण लिंकवर सगळं ढकलू नका. आमच्याकडे मिरचीचा ग्रुप आहे, नंदुरबार मार्केटचे भाव टाकतात त्याच्यावर, लिंक कित्येक वर्षांपासून फेसबुकवर उघडी पडलेली आहे. तरी स्पॅम नावाला. कारण आमचे ॲडमिन चार, अन् चौघंही वेगवेगळ्या वेळेला जागे असणारे. एक जण पहाटे मार्केटला जातो, एक जण रात्रपाळीचा आहे. कोणी घाण टाकली की तिथल्या तिथं डिलीट अन् तो माणूस बाहेर. २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्याआधी तर टाकणाऱ्यालाच हातापाया पडून सांगावं लागायचं.

आता याच्यात मी जे पाहिलं ते सांगतो. स्पॅमवाला आल्या आल्या मोठं काही टाकत नाही. आधी एक साधा 'हाय' किंवा गुड मॉर्निंगचं फुल टाकतो. ते राहिलं तर दुसऱ्या दिवशी लिंक. ती लिंक पण तशीच राहिली की मग त्याचे दोन भाऊबंद येतात. मेसेज किती वेळ टिकला याच्यावर पुढचं सगळं ठरतं. ज्या ग्रुपवर तीन दिवसांपूर्वीची लोनची जाहिरात अजून पडलेली आहे तिथं कोणी राखणीला नाही हे त्याला न विचारताच कळतं. तुमच्या त्या ग्रुपचा ॲडमिन कोण आहे? स्वतः ग्रुप वाचतो का तो?

तापीकाठचा (रावेर)

ज्याने बनवला तो पुण्याला नोकरीला गेला. ग्रुप म्यूट असेल त्याचा, मेसेज करून पाहिला तर उत्तर दोन दिवसांनी. दुसरा ॲडमिनच नाही.

शहादेकर

मग झालं तर.

प्राजक्ता_धुळे

मी थोडं वेगळं सांगते. मी पोलीस भरती अन् एमपीएससीच्या टेलिग्राम ग्रुपवर होते, धुळ्यातल्या एका अभ्यासिकेतल्या मुलामुलींचे ते ग्रुप. तिथं ॲडमिन जागे होते, नियम होते, बॉट (आपोआप मेसेज तपासणारा प्रोग्राम) लावलेला होता, तरी स्पॅम यायचाच. आणि आमच्याच सोसायटीचा ग्रुप आहे ज्याच्यावर कोणाचंच लक्ष नाही, तिथं काही येत नाही. म्हणून मला वाटतं ग्रुपमध्ये माणसं कशाची वाट पाहून राहिली आहेत हे खूप महत्त्वाचं आहे.

भरतीच्या ग्रुपवर प्रत्येक जण कशाची ना कशाची वाट पाहतो, जाहिरात कधी, हॉलतिकीट कधी, यादी कधी. अशा वेळी 'यादी आली, इथे पहा' असं कोणी टाकलं की हात आधी लिंकवर जातो, डोकं नंतर चालतं. 'पैसे भरा, काम करून देतो' वाले पण याच ग्रुपांवर फिरतात, कारण मुलं हवालदिल असतात. तुमच्या केळीच्या ग्रुपवर पण पहा, फळपीक विम्याच्या पैशांची वाट असते तेव्हा घाण वाढते का? पीएम किसानच्या हप्त्याच्या आसपास वाढते का?

टेलिग्रामचं अजून एक. तिथं पब्लिक ग्रुपला नाव असतं अन् ते ॲपमध्ये सर्च केलं की सापडतं, लिंक शोधायला बाहेर जायची पण गरज नाही. एका ग्रुपमध्ये दोन लाख माणसं बसतात. व्हॉट्सॲपवर १,०२४ च्या पुढे जाता येत नाही, अन् ते पण २०२२ मध्ये वाढवलं, त्याआधी कित्येक वर्ष २५६ होते. स्पॅमवाल्याने एक मेसेज टाकून कुठं जास्त माणसं मिळतील तुम्हीच सांगा.

तापीकाठचा (रावेर)

ताई विम्याचं अगदी बरोबर बोललात. मागे विम्याच्या यादीच्या वेळी रोज नवीन फाईल यायची, तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

खानदेशी_मास्तर (अमळनेर)

प्राजक्ताताईंच्या मुद्द्याला जोडून. लोक म्हणतात इतका कचरा टाकून याला मिळतं तरी काय, कोण फसतं याला. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००८ साली एका मोठ्या स्पॅम जाळ्यात आतून शिरून मोजलं होतं. औषधांच्या जाहिरातीचे सुमारे ३५ कोटी ईमेल गेले अन् खरेदीच्या पायरीपर्यंत पोचली फक्त २८ माणसं. ३५ कोटीत २८! तरी तो धंदा चालायचा, कारण पाठवायला खर्च जवळपास नाहीच. म्हणून 'आमच्या ग्रुपवर कोणी फसत नाही' एवढ्याने तो थांबत नाही. त्याला तुमच्यात एक पण माणूस सापडला नाही तरी चालतं, दुसऱ्या लाखभर ग्रुपात एक सापडला की त्याचं भागलं.

अन् हे आजकालचं नाही. एप्रिल १९९४ मध्ये, भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळायच्या पण आधी, अमेरिकेतल्या एका वकील नवरा-बायकोने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेट नावाच्या चर्चागटांवर टाकली होती, साडेपाच हजारांच्या आसपास गटांवर एकाच वेळी. गट कोणत्या विषयाचा ते पाहिलंच नाही. त्या काळी पण दोन प्रकारचे गट होते, एकात कोणीही सरळ लिहायचं अन् दुसऱ्यात मेसेज आधी मॉडरेटरकडे जायचा. पुढच्या काही वर्षांत यूजनेटवर कचरा इतका वाढला की जे गट टिकले त्यांच्यातल्या बऱ्याच गटांत कोणीतरी रोज बसून निवडणारं होतं. म्हणजे शहादेकर म्हणतात तेच.

माझं मत एवढंच की उघडं दार अन् रिकामा ओटा, हे दोन्ही एकत्र आले की ग्रुप गेला. दार उघडं असून ओट्यावर कोणी बसलेलं असेल तर चालतं. दार बंद असेल तर कोणी नसलं तरी निभावतं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मास्तर एकदम पटलं. आमचा अहिराणीचा ग्रुप आहे, म्हणी, ओव्या, जुन्या गोष्टी टाकतात लोक. तिथं गंमत अशी की सगळे अहिराणीत लिहितात म्हणून परका लगेच दिसतो. कोणी हिंदीत 'पार्ट टाइम जॉब' टाकलं की दोन मिनिटात आमच्या एक आजीबाई विचारतात, "कोनता गावना शेतस भाऊ?" उत्तर येतच नाही. मग काढून टाकतात. त्या आजी ॲडमिन नाहीत हां, पण त्यांनी विचारलं की ॲडमिनचं लक्ष जातं. जिथं माणसं एकमेकांना ओळखतात, एकमेकांना उत्तर देतात, तिथं नवा माणूस लपत नाही. अन् जिथं नुसते फॉरवर्डच फॉरवर्ड, कोणी कोणाचं वाचत नाही, तिथं स्पॅम पण त्या फॉरवर्डमध्ये मिसळून जातो, कोणाच्या डोळ्यालाच येत नाही.

साक्रीकर

फॉरवर्डचं नाव निघालं म्हणून लिहितो, धाग्याच्या थोडं बाहेरचं वाटेल पण आमच्या तालुक्यातून हे बोलल्याशिवाय राहवत नाही. १ जुलै २०१८ ला राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. पोरं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज तेव्हा ग्रुपा-ग्रुपावर फिरत होते. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड होईल असं केलं, पुढे जानेवारी २०१९ मध्ये ते जगभर केलं, अन् एप्रिल २०२० मध्ये खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं.

लोन अन् लॉटरीवाला स्पॅम अन् ती अफवा एक नाही हे मला कळतं. पण दोन्ही ज्या ग्रुपावर टिकतात ते ग्रुप सारखेच असतात, जिथं 'हे कुठून आलं' असं विचारणारं कोणी नसतं. म्हणून जो ॲडमिन म्हणतो ना की जाऊ द्या, जाहिरातच तर आहे, पडली तर पडली, त्याच्यावर मला राग येतो. त्याच सवयीने उद्या दुसरं काही पण पडून राहील.

प्राजक्ता_धुळे

🙏 हे लिहिलंत ते बरं केलंत दादा.

बागायतदार_यावल

एवढी चर्चा कशाला, सेटिंगमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' करून टाका, विषय संपला.

शहादेकर

भाऊ मग तो ग्रुप राहत नाही, नोटीस बोर्ड होतो. पहाटे गाडी अडकली, भाव पडला, पानावर ठिपके आले, हे विचारायला तर लोक येतात तिथं. बोलणंच बंद केलं तर स्पॅम थांबेल पण शेतकरी पण निघून जाईल. त्यापेक्षा ॲडमिन वाढवा.

बागायतदार_यावल

आमच्याकडे पाणीवाटपाच्या ग्रुपला तसंच आहे अन् चांगलं चालतं.

शहादेकर

पाणीवाटपाला चालेल, तिथं पाळी कोणाची एवढंच सांगायचं असतं. भावाच्या ग्रुपला नाही चालणार.

सातपुडा_पायथा (चोपडा)

मी बचत गटाच्या बायकांचा ग्रुप सांभाळते. तुम्ही सगळे ग्रुपमध्ये दिसणाऱ्या स्पॅमवर बोलताय. न दिसणारा जास्त वाईट आहे. एक माणूस आमच्या ग्रुपमध्ये लिंकवरून आला, एक अक्षर लिहिलं नाही, दोन दिवसांनी निघून गेला. आम्हाला वाटलं चुकून आला असेल. त्यानंतर एकेक ताई सांगायला लागली की अनोळखी नंबरवरून मेसेज येतात, रात्री व्हिडिओ कॉल येतात, लोन पाहिजे का म्हणून. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, तो तेवढेच घेऊन गेला असणार. ग्रुप वरून एकदम स्वच्छ, अन् आतून सगळ्यांचे नंबर बाहेर गेलेले. काही बायकांच्या घरी यावरून बोलणी बसली, दोघींनी ग्रुप सोडला, एकीचा फोनच काढून घेतला घरच्यांनी. गटाच्या हप्त्याचा निरोप आता तिला शेजारणीकडून जातो.

म्हणून तुमचा ग्रुप साफ दिसतो म्हणजे त्याच्यावर कोणाची नजर नाही असं समजू नका. न बोलता येणारे अन् न बोलता जाणारे नंबर पण पहा. आम्ही लिंक कायमची बंद केली, आता नवीन बाई यायची तर गटातल्या कोणीतरी ओळख सांगायची. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीमध्ये घोषणा ग्रुपवर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ते पण चांगलं आहे ज्यांना नुसते निरोप द्यायचे आहेत त्यांच्यासाठी. अन् प्रत्येकीच्या फोनमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'मला ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं' तिथं 'माझे संपर्क' करून दिलं. हे सेटिंग २०१९ पासून आहे, पण स्वतःहून बदललं नाही तर ते 'सर्वजण' वरच राहतं.

तापीकाठचा (रावेर)

ताई हे तर डोक्यातच आलं नव्हतं. वाईट वाटलं वाचून.

पण माझा एक प्रश्न अजून राहिला. ती पीएम किसानची फाईल परक्या नंबरवरून नव्हती आली. आमच्याच गावातल्या माणसाच्या नंबरवरून आली, ज्याला मी लहानपणापासून ओळखतो, अन् तो असलं करणारा माणूस नाही. मग लिंक रीसेट करून, मंजुरी लावून याला काय फरक पडणार?

भुसावळ_जंक्शन

याला फरक नाही पडणार, म्हणून हा सगळ्यात घातक. ती फाईल एपीके असते, म्हणजे ॲपच. शेवटी '.एपीके' लिहिलेलं असतं पण नावात पीएम किसान किंवा आरटीओ चलन किंवा लग्नपत्रिका. माणूस ती फोनमध्ये टाकतो, ती मेसेज वाचायची परवानगी मागते, हा देतो. मग फोनवर येणारे ओटीपी तिकडे समोरच्याला दिसतात. त्याच्यावर बँकेतून पैसे पण काढतात अन् त्याचं व्हॉट्सॲप पण दुसऱ्या फोनवर चालू करतात, अन् मग तो ज्या ज्या ग्रुपमध्ये आहे त्या सगळ्यात तीच फाईल त्याच्या नावाने. त्या बिचाऱ्याला माहिती पण नसतं. ओळखीच्या ग्रुपमध्ये हे जास्त पसरतं कारण नाव ओळखीचं, उघडायला कोणी कचरत नाही. गिरणाकाठच्या आजीबाई पण इथं विचारणार नाहीत कोणत्या गावचा म्हणून.

हप्त्यासाठी कुठलीही फाईल ग्रुपवरून घ्यायची गरज नाही, २,००० रुपये सरळ खात्यात येतात, अन् सरकारी ॲप प्ले स्टोअरवर आहे. काकांना एवढं एकच पक्कं सांगा. ज्याच्या नंबरवरून आली त्याला फोन करा, मेसेज नको, मेसेज तर तो चोरच वाचेल. त्याला ग्रुपमधून लगेच काढा, राग नका धरू, नंबर त्याच्या ताब्यात परत आला की पुन्हा घ्या. त्याने फोन फ्लाइट मोडवर टाकून ते ॲप काढायचं, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवायचं, अन् पैसे गेले असतील तर १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) लगेच फोन, जितक्या लवकर तितकं बरं. अन् ज्यांचं काही झालं नाही त्यांनी पण व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावून ठेवा, नुसत्या ओटीपीवर मग दुसऱ्याला उघडता येत नाही.

बागायतदार_यावल

हे कामाचं सांगितलं. आमच्याकडे कोणी ॲडमिन व्हायला तयार होत नाही, म्हणतात कोणी काही टाकलं तर पोलीस आपल्याला धरतील.

खानदेशी_मास्तर (अमळनेर)

मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या मेसेजला ॲडमिन नुसता ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येणार नाही, दोघांचा मिळून तसा हेतू असल्याशिवाय. भीती दाखवणारे मेसेज फिरतात त्याच्यावर जाऊ नका. चांगली माणसं ॲडमिन व्हायला घाबरली तर ग्रुप पुण्याला गेलेल्या माणसाच्याच नावावर राहणार.

तापीकाठचा (रावेर)

पुण्यावाल्याशी आज फोनवर बोललो. त्याने मला अन् अजून तिघांना ॲडमिन केलं, एक सावद्याचा, एक निंभोऱ्याचा, एक व्यापारी आहे जो पहाटेच उठतो. लिंक रीसेट केली, मंजुरी लावली. जुने न बोलणारे नंबर तपासायला घेतले, त्याला वेळ लागेल, कारण बरेचसे आपलेच शेतकरी असतात जे फक्त भाव पाहायला येतात, त्यांना उगाच काढायचं नाही, एकेकाला फोन करून विचारतो. गावातल्या त्या माणसाला पण भेटून आलो, त्याला खरंच माहिती नव्हतं, पोराच्या हातून फोनमध्ये टाकली गेली होती फाईल.

शहादेकर

मस्त काम केलं. यूट्यूबवाल्याला पण सांगून ठेवा जुनी लिंक काढायला अन् तिथं तुमच्यापैकी एकाचं नाव-गाव टाकायला की याला भेटा. नाहीतर खरा शेतकरी 'लिंक चालत नाही' म्हणून माघारी जाईल.

तापीकाठचा (रावेर)

हो, हे राहिलंच होतं. उद्याच सांगतो त्याला.